सोळा चौरस मीटरचं प्रकरण

सेकंड लाइफ या आभासी जगात जमिनीचा सगळ्यात लहान तुकडा असतो चार मीटर बाय चार मीटरचा. सोळा चौरस मीटर. त्यावर राहण्याजोगं घर होत नाही, दुकान थाटता येत नाही, सात-आठ अवतार, म्हणजे माणसांची पडद्यावरची रूपं, एकदम आले की एकमेकांच्या अंगावर चढतात. पण जाहिरातीची पाटी मात्र त्यावर अगदी ऐसपैस उभी राहते. २००६ ते २००८ या काळात असल्या चिमुकल्या तुकड्यांवरच्या पाट्यांनी तिथल्या रहिवाशांना अक्षरशः जेरीस आणलं.

आभासी जगात व्यावसायिक जाहिरात असावी की नसावी, हा वाद नुसत्या तत्त्वावर घालायचा तर तो कधीच संपत नाही. एक म्हणतो, माणूस इथे रोजच्या कटकटीतून सुटायला येतो, निदान इथे तरी बाजार नको. दुसरा म्हणतो, माणसं जमली की बाजार भरणारच. दोघांचंही ऐकताना मान डोलावीशी वाटते. म्हणून मला हे एक प्रकरण मोलाचं वाटतं. इथे जाहिरात तीन वेगवेगळ्या रूपांत, एकाच जगात, त्याच माणसांपुढे आली. आणि त्या माणसांनी तिघींना तीन वेगळी उत्तरं दिली.

आधी या जगाची ओळख. सेकंड लाइफ चालवते सॅन फ्रान्सिस्कोची लिंडेन लॅब. फिलिप रोझडेल यांनी १९९९ मध्ये कंपनी काढली आणि जून २००३ मध्ये हे जग सर्वांना खुलं झालं. इथे गुण नाहीत, पातळ्या नाहीत, मारायला राक्षस नाहीत. आत गेलेला माणूस स्वतःला खेळाडू न म्हणता रहिवासी म्हणवतो. घरं, कपडे, झाडं, गाड्या, डोक्यावरचे केससुद्धा रहिवाशांनीच घडवलेले. त्या काळी घडवायचं ते प्रिममधून, म्हणजे ठोकळा, नळकांडं, गोळा असे साधे आकार ताणून, कापून, एकमेकांना जोडून. जो घडवेल त्याचाच त्यावर हक्क, असं कंपनीने २००३ च्या अखेरीस जाहीर केलं. त्यातून खरेदी-विक्री वाढली, लिंडेन डॉलर हे चलन रुळलं आणि ते खऱ्या डॉलरमध्ये बदलूनही मिळू लागलं. २००७ च्या आसपास एका अमेरिकी डॉलरला साधारण २७० लिंडेन डॉलर पडत.

जमीन दोन प्रकारची. खासगी बेटं असतात, त्यांचा मालक आपले नियम लावतो आणि भाडेकरूने ते पाळायचे असतात. आणि दुसरी मेनलँड, म्हणजे कंपनीने वसवलेला सलग भूभाग, जिथे कुणीही तुकडा विकत घ्यावा आणि जवळपास काहीही बांधावं. २५६ मीटर बाय २५६ मीटरचा एक प्रदेश, असे प्रदेश एकमेकांना लागून. जमीन विकत घेतली तरी दरमहा कर भरावा लागतो, त्याला तिथे टियर म्हणतात. त्या काळी महिन्याला ९.९५ डॉलर भरणाऱ्या प्रीमियम सदस्याला ५१२ चौरस मीटरपर्यंतचा टियर माफ असे. त्यापुढे जमीन वाढेल तसा कर वाढे, पूर्ण प्रदेशाला महिन्याला १९५ डॉलर.

हा पैशाचा मामला मी जरा लांबवला, कारण निकालाची किल्ली त्यातच आहे. जाहिरातीची बाजू घेणारे नेहमी एक हुकमी युक्तिवाद करतात: तुम्हाला हे फुकट मिळतंय ते जाहिरातीमुळे, मग तक्रार कसली? टीव्हीच्या बाबतीत यात तथ्य आहे. सेकंड लाइफमध्ये मात्र नाही. इथे कंपनीचं पोट जमिनीवर चालायचं, आणि जमिनीचे पैसे रहिवासी खिशातून भरायचे. शेजाऱ्याच्या तुकड्यावरच्या जाहिरातीने त्यांचा एक पैसाही वाचत नव्हता.

आता एका रहिवाशाच्या जागी स्वतःला उभं करून बघा. तुम्ही प्रीमियम सदस्य झालात, पाण्याकाठी ५१२ चौरस मीटर घेतलेत. एवढ्या जमिनीवर तेव्हा ११७ प्रिम ठेवता येत, त्यापलीकडे एकही नाही. त्यामुळे प्रत्येक प्रिम हिशेबाने खर्च करायचा. खुर्ची चारऐवजी तीन प्रिममध्ये बसते का, पायऱ्या काढून नुसता उतार ठेवला तर दोन वाचतात का, असं करत करत तुम्ही आठवडाभरात एक छोटं घर उभं केलंत. पुढे ओटा, ओट्यापुढे पाणी. सूर्य त्या पाण्यात मावळतो. संध्याकाळी तुम्ही आणि दोन मित्र तिथे येऊन बसता, आणि ही जमीन घेतली ती मुळात याच्यासाठीच.

एक दिवस तुम्ही येता आणि तुमच्या हद्दीला लागून एक खांब उभा दिसतो. खांबावर पाटी, पाटीवर भडक रंगात कसलीतरी जाहिरात, आणि पाटी सावकाश गरगर फिरतेय. तिच्यावर दिवस-रात्रीचा परिणाम नाही, ती काळोखातही तशीच झगझगते. त्या तुकड्यावर क्लिक करून माहितीची खिडकी उघडलीत तर क्षेत्रफळ दिसतं सोळा चौरस मीटर आणि शेजारी लिहिलेलं असतं, विक्रीस आहे. किंमत आजूबाजूच्या भावाच्या कित्येक पट.

इथे खरा प्रकार लक्षात येतो. पाटीवरची जाहिरात कुणी वाचावी, माल खपावा, हा हेतू बऱ्याच वेळा नावालाच होता. पाटी कुरूप असणं हेच तिचं काम. ती जितकी डोळ्यात खुपेल तितका शेजारी ती जागा विकत घेऊन पाडून टाकायला तयार होईल. गावाकडे बांधावरच्या दोन हात जमिनीसाठी रस्ता अडवून बसणारा माणूस ज्यांनी पाहिलाय, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

आणि हा धंदा स्वस्त किती, तेही बघू. प्रीमियम सदस्याला माफ असलेल्या ५१२ चौरस मीटरचे सोळा-सोळाचे तुकडे केले तर ३२ होतात. म्हणजे एका माणसाला महिन्याला दहा डॉलरच्या आत, कर न भरता, मेनलँडवर ३२ ठिकाणी खांब रोवता यायचे. सोळा चौरस मीटरच्या वाट्याला प्रिम येत फक्त तीन. पण एक खांब आणि दोन फळ्या एवढंच तर हवं. त्या काळी एक प्रिम दहा मीटरपर्यंत ताणता येई, म्हणजे तीन प्रिममध्ये तीस मीटर उंचीचा मनोरा. बघणाऱ्याने आपली नजर, म्हणजे किती दूरपर्यंतचं दिसावं ती मर्यादा, १२८ मीटरवर ठेवली असेल तर असा खांब सुमारे ५१ हजार चौरस मीटरच्या वर्तुळात कुठूनही दिसतो. मालकी सोळा मीटरची, सत्ता एक्कावन्न हजारांवर. कर मात्र सोळाचा, आणि तोही माफ.

रहिवाशांनी या प्रकाराला नाव दिलं अ‍ॅड फार्म. जाहिरातींची शेती.

सगळ्याच पाट्या मालाच्या होत्या असंही नाही. मेनलँडभर सर्वात गाजल्या त्या एका राजकीय मजकुराच्या. इराकचं युद्ध थांबवा, अध्यक्ष बुश यांच्यावर महाभियोग चालवा, असं सांगणाऱ्या फिरत्या पाट्या इतक्या ठिकाणी लागल्या की अमेरिकेशी संबंध नसलेल्या युरोपातल्या रहिवाशांनाही त्या तोंडपाठ झाल्या. त्यांचेही तुकडे चढ्या भावाने विक्रीला होते. काढा म्हटलं की उत्तर तयार: हे माझं राजकीय मत आहे, तुम्ही माझा आवाज दाबताय. त्या मजकुराशी सहमत असलेले रहिवासीसुद्धा या पाट्यांवर चिडलेले होते. मला हा तपशील फार बोलका वाटतो. मजकूर पटणाऱ्यांनाही पाटी नको होती, म्हणजे भांडण मजकुराचं नव्हतंच.

लोकांनी काय काय केलं? काहींनी हद्दीवर उंच झाडांची रांग लावली. झाडंही प्रिम खातात, म्हणजे दुसऱ्याच्या पाटीपायी स्वतःच्या घरातल्या खुर्च्या कमी करायच्या. काहींनी भिंत बांधून तिच्यावर समुद्राचं चित्र लावलं, खऱ्या समुद्राच्या जागी. काहींनी नजरेचं अंतर कमी केलं, मग पाटीबरोबर क्षितिजही गेलं. बऱ्याच जणांनी मुकाट्याने पैसे मोजले, आणि त्यांना दोष देण्याचं मला धाडस होत नाही. पण असा प्रत्येक सौदा पुढच्या खांबाचं भांडवल ठरला. आणि कंटाळलेले कित्येक जण मेनलँड सोडून खासगी बेटांवर भाड्याने राहायला गेले. तिथे मालकाचा नियम असे, आणि असला खांब दुसऱ्या दिवशी दिसत नसे.

लिंडेन लॅबने बराच काळ हात बांधून घेतले होते. त्यांचं ब्रीदच होतं, तुमचं जग, तुमची कल्पना. शेजाऱ्यांच्या भांडणात कंपनीने पडू नये, जमीन ज्याची मर्जी त्याची, ही भूमिका. ती निव्वळ आळसातून आलेली नव्हती. जिथे लोकांनी स्वतः सगळं घडवलंय तिथे सुंदर काय आणि कुरूप काय हे कंपनीने ठरवू लागणं खरोखर धोक्याचं आहे, हे मलाही मान्य आहे. आज पाटी हटवली, उद्या कुणाचा जांभळा किल्ला डोळ्यात खुपला तर?

याच दोन वर्षांत दुसऱ्या दाराने बड्या कंपन्या आल्या. मे २००६ मध्ये बिझनेसवीकच्या मुखपृष्ठावर सेकंड लाइफमधली जमीन-व्यावसायिक आन्शे चंग झळकली, ऑक्टोबरमध्ये नोंदणीचा आकडा दहा लाखांवर गेला, रॉयटर्सने आत आपला वार्ताहर नेमला. जाहिरात संस्थांची रीघ लागली. अमेरिकन अ‍ॅपरलने जून २००६ मध्ये एका बेटावर कपड्यांचं दुकान उघडलं, अवतारासाठी टी-शर्ट एक डॉलरच्या आत. टोयोटाची सायन आली, निसान आली, रीबॉक आली. त्याच वर्षी सेकंड लाइफ लिबरेशन आर्मी नावाच्या गटाने अमेरिकन अ‍ॅपरल आणि रीबॉकच्या दुकानांपुढे बंदुका चालवल्या. गोळी लागून कुणी मरत नसे, थोडा वेळ पडद्यावरचं दिसणं झाकलं जाई, इतकंच. बाहेरच्या वर्तमानपत्रांनी ती बातमी ब्रँडविरोधी उठाव म्हणून रंगवली. पण त्या गटाची मागणी वेगळी होती: या जगाच्या कारभारात रहिवाशांना मत हवं, लिंडेन लॅबचे शेअर आम्हाला घेता आले पाहिजेत. दुकान हे निमित्त. खुपत होतं ते आपल्याला न विचारता आपलं गाव कुणीतरी चालवतंय हे.

त्या दुकानांचं पुढे काय झालं? ती ओस पडली. अमेरिकन अ‍ॅपरलने २००७ मध्ये शटर खाली ओढलं. कुणी हाकलून दिलं नाही, कुणी आलंच नाही. एकतर एका बेटावर एका वेळी फार तर शंभर अवतार मावत. टीव्हीवर लाखोंशी बोलायची सवय असलेल्या जाहिरातदाराला हा आकडा कसा पुरणार? त्याहून महत्त्वाचं म्हणजे तिथे करण्यासारखं काही नसायचं. काचेची देखणी इमारत, आत पुतळे, आणि बोलायला चिटपाखरू नाही. रहिवाशांकडे त्याहून सुंदर कपडे शिवणारे शेकडो कारागीर होते, ते गिऱ्हाइकाशी गप्पा मारायचे, बाही लांब करून द्यायचे.

स्टारवुडचं अलॉफ्ट हॉटेल मात्र मला वेगळं वाटतं. प्रत्यक्षातलं पहिलं हॉटेल २००८ मध्ये उघडायचं होतं, त्याचा आराखडा त्यांनी २००६ मध्ये सेकंड लाइफमध्ये बांधला आणि लोकांना विचारलं, यात काय बदलू? आलेल्यांनी लॉबीपासून खोल्यांपर्यंत मतं दिली, त्यातली काही त्यांनी घेतली. काम झाल्यावर २००७ मध्ये ती जागा टेकिंगआयटीग्लोबल या तरुणांच्या संस्थेला देऊन ते निघून गेले. ही जाहिरातच होती, यात शंका नाही. पण पाहुण्यासारखी आली, विचारपूस केली आणि जाताना जागा देऊन गेली.

या दुकानांविरुद्ध कुणाला नियम करावासा वाटला नाही. बेट समुद्रात लांब, जायचं तर नकाशावर शोधून मुद्दाम उडी मारायची. नको असेल त्याने जाऊ नये, आणि बहुतेकांनी तेच केलं.

तिसरी जाहिरात रहिवाशांची स्वतःची. तिच्याबद्दल या वादात कुणी बोलतच नाही, आणि सगळ्यात जास्त चालली तीच. शोधाच्या खिडकीत छोट्या जाहिरातींचा विभाग होता. आठवड्याला काही लिंडेन डॉलर भरायचे, जास्त भरणाऱ्याचं नाव वर. ज्याला केस हवेत तो केस शोधायचा आणि केसवाल्यांच्या जाहिराती बघायचा. दुकानाच्या गटात नाव नोंदवलेल्यांना नवा माल आला की सूचना जायची. यातही लबाड्या होत्या. आपल्या दुकानात वर्दळ जास्त दिसावी म्हणून मालक लोकांना नुसतं बसून राहायचे पैसे देत. त्या खुर्च्यांना कॅम्पिंग चेअर म्हणत, आणि दुकानांत रिकाम्या डोळ्यांच्या अवतारांच्या रांगा बसलेल्या असत. तरीही या जाहिरातींबद्दल कुणाच्या मनात शेजारच्या खांबासारखी चीड नव्हती. लोक त्या शोधत जायचे.

२००८ च्या सुरुवातीला लिंडेन लॅबने बांधून घेतलेले हात सोडले. शेजाऱ्याला नाडून चढ्या भावाने जमीन गळ्यात मारण्यासाठी लावलेली पाटी हा छळ समजला जाईल आणि तक्रार आल्यास कारवाई होईल, असं त्यांनी जाहीर केलं. त्याच वर्षी पुढे मेनलँडवरच्या पाट्यांसाठी नियम आले: फिरती नको, लुकलुकती नको, आवाज नको, हवेत तरंगती नको, जमिनीवर उभी हवी आणि उंची बेताची हवी.

हा निर्णय मला योग्य वाटतो, आणि त्याचं कारण तो जाहिरातीविरुद्ध नव्हता हे आहे. बुश यांच्याविरुद्धचा मजकूर त्यांनी तपासला नाही, बुटांची पाटी चालेल आणि राजकारणाची नाही असं म्हटलं नाही. पाटीवर काय लिहिलंय याच्याशी त्यांनी संबंधच ठेवला नाही. ती शेजाऱ्याच्या ओट्यावर बसलेल्या माणसाचं काय करते, एवढंच पाहिलं. जांभळ्या किल्ल्याची भीतीही त्यामुळे उरली नाही. किल्ला कितीही विचित्र असला तरी तो बांधणाऱ्याला त्यात राहायचं असतं, आणि खांब रोवणाऱ्याला त्या सोळा मीटरमध्ये घटकाभरही राहायचं नव्हतं.

चुकलं ते वेळेचं. निदान दोन वर्षं उशीर झाला. तेवढ्यात मेनलँडचं नाव खराब झालं, जे गेले त्यातले बरेच परतले नाहीत. दुसरं, करातली फट त्यांनी आधी बुजवायला हवी होती. तुकडा जितका लहान तितका उपद्रव मोठा आणि खर्च शून्य, हे गणित कंपनीनेच मांडून ठेवलं होतं. लहान तुकड्याला किमान कर लावला असता तर हेतू शोधत बसावं लागलं नसतं. पाटी लावणाऱ्याच्या मनात पिळवणूक होती की खरंच दुकान चालवायचं होतं, हे तक्रारीगणिक ठरवणं फार जिकिरीचं काम आहे.

माझं मत असं झालंय. ज्या जाहिरातीकडे माणूस आपल्या पायांनी जातो ती आभासी जगात खुशाल असू द्यावी, मग ती गल्लीतल्या केसवालीची असो की बड्या कंपनीची. ती वाईट असेल तर ओस पडेल. जी जाहिरात माणसाच्या खिडकीसमोर येऊन उभी राहते, तिला तिथे हक्क नाही. ओट्यावरून दिसणारं पाणी जमिनीच्या दस्तात लिहिलेलं नसतं हे खरं, पण जमीन घेताना माणसाने पैसे त्याचेच मोजलेले असतात.

ही कसोटी सगळीकडे पुरत नाही, हेही सांगायला हवं. सेकंड लाइफच्या मेनलँडवरचे रहिवासी प्रौढ होते. किशोरवयीनांचा भाग तेव्हा निराळा ठेवलेला होता. पाटी ही पाटी आहे हे त्यांना कळत होतं. रोब्लॉक्स या मुलांच्या आवडत्या ऑनलाइन खेळांच्या जगात वॉलमार्ट या अमेरिकी दुकानसाखळीने सप्टेंबर २०२२ मध्ये दोन जगं उघडली, त्यातलं एक खेळण्यांचं. मूल तिथे आपल्या पायांनीच जायचं, पण जायचं ते खेळायला. आपण जाहिरातीच्या आत उभे आहोत हे लहान मुलांना उमगत नाही, अशी तक्रार ग्राहक संघटनांनी केली आणि २०२३ मध्ये ते जग बंद झालं. पुढे रोब्लॉक्सने तेरा वर्षांखालच्या मुलांना जाहिराती दाखवायच्या नाहीत असा नियमही केला. तिथे प्रश्न दृश्य अडवण्याचा नाही, ओळख लपवण्याचा आहे, आणि त्याला उत्तरही अधिक कडक हवं.

मेनलँडवर नियम आल्यानंतर खांबांचा धंदा बसला. विकले न जाणारे तुकडे मालकांनी सोडून दिले, आणि सोडलेली जमीन कंपनीच्या नावावर, गव्हर्नर लिंडेन या खात्यावर जमा होते. पुढे अशी जमीन लगतच्या रहिवाशाला अर्ज करून मागता येऊ लागली. भाव एका चौरस मीटरला एक लिंडेन डॉलर. ज्या तुकड्यासाठी कधीकाळी बाजारभावाच्या कित्येक पट मागितले जायचे, त्याचे झाले सोळा लिंडेन डॉलर.